फोटो झाला असेल तर गिळायला बसा

भजी कोणासाठी थांबत नसतात. कढईतून झाऱ्यावर, झाऱ्यावरून कागदावर आणि कागदावरून तोंडात, एवढंच त्यांचं आयुष्य. आतल्या कांद्याची वाफ बाहेर पडायला बघते आणि बाहेरचं कुरकुरीत आवरण मऊ करून टाकते. हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही, एक पावसाळा पुरतो. तरी आमच्याकडे गोतावळा जमला की बशीत भज्यांचा डोंगर रचला जातो. एकावर एक. वर तळलेली मिरची, शेजारी चहाचा कप, मागे खिडकी आणि खिडकीत पाऊस. पाऊस नसेल तर काचेवर पाणी शिंपडतात! शिंपडलंय एकीने, माझ्या डोळ्यांदेखत. तोवर डोंगराच्या तळातल्या भज्यांना घाम फुटलेला असतो. आणि मग पहिला घास खाऊन मलाच, "काकू, अजून थोडी कुरकुरीत हवी होती ना?"

अगं बाई, होती! तू फोन घेऊन स्टुलावर चढली होतीस ना, तेव्हा होती.

भज्यांचं एक वेळ सोडा, दुसरा घाणा काढता येतो. चतुर्थीला मात्र माझं डोकं सणकतं. उकडीचे मोदक हा काय प्रकार आहे हे ज्यांनी केलेत त्यांनाच माहीत. आंबेमोहोराची पिठी, उकळत्या पाण्यात मीठ, तुपाचा थेंब, पीठ घालून दणदणीत वाफ, आणि ती उकड गरम असतानाच मळायची. गार झाली की पारी चिरलीच म्हणून समजा. हात भाजतात, पाण्यात बुडवायचे, परत मळायचं. मग पारी, सारण, कळ्या, हळदीचं पान, मोदकपात्र. एवढं करून मी ताट बाहेर आणते तर काय? "थांब थांब, कुणी हात लावू नका!"

मग निवड सुरू. हा पुढे घ्या, त्याच्या कळ्या वाकड्यात, तो मागे ढकला. अरे, तो काय वधूपरीक्षेला आलाय? हाताने केलेल्या मोदकाच्या कळ्या थोड्या वाकड्याच असणार. तुम्हाला एका मापाचे हवे असतील तर साच्यातले आणा विकत. मग पंखा बंद, कारण वाफ उडून जाते. ट्यूबलाइट बंद, कारण पिवळट दिसतं. मोदक खिडकीत. मोदक जमिनीवर. मोदक शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी! आणि कळस म्हणजे दहा मिनिटांनी, "वहिनी, वाफ दिसत नाहीये, परत एकदा उकडता का जरा?"

तांदळाच्या पिठातला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट होत जातो, म्हणून तर कालचा भात आज फडफडीत लागतो. मोदकाची पारीही तशीच वातड होते. परत उकडला की वरून चिकट होतो आणि सारणातला गूळ पाझरून तळाशी येतो. तूप गोठून पांढरं पडतं ते वेगळंच. पण फोटोत ना वातडपणा दिसतो ना चिकटपणा. फोटोत सगळं कसं मऊ लुसलुशीत!

ताटाचं तर विचारूच नका. आपल्याकडे पान वाढायची एक रीत आहे. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये वरणभाताची मूद. उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाला जे जास्त लागतं ते हाताशी, चवीपुरतं लागतं ते पलीकडे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी वाढून वाढून बसवलेली मांडणी आहे ही. ती माझी भाची दोन मिनिटांत मोडते. म्हणे आमटीची वाटी मधोमध हवी, "बॅलन्स" येतो. कोशिंबीर इकडे, चटणी तिकडे, मीठ गायब. मीठ फोटोत दिसत नाही म्हणून काढून ठेवलं! आणि जेवताना, "मीठ कुठंय?"

पुरणपोळीवर पुदिन्याचं पान ठेवणाऱ्यांना काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. श्रीखंडावर बाजारातल्या हाराच्या गुलाबाच्या पाकळ्या, ज्यांच्यावर काय काय फवारलेलं असतं देव जाणे. सोलकढीत बीट, कारण आगळाने येणारा फिकट जांभळट गुलाबी रंग म्हणे "उठत नाही". मग ती सोलकढी कसली, ते बिटाचं सरबत झालं.

सगळ्यात जास्त राग येतो तो याचा की आमचं निम्मं जेवण तपकिरी आहे. काळ्या वाटाण्याची उसळ, भरली वांगी, कटाची आमटी, डाळिंब्या. पिठलं तर काय, पिवळा चिखलच. यांच्याकडे कुणी फोन वळवत नाही. वालाला मोड आणून एकेक दाणा सोलत बसा, बोटांची सालं निघोत, त्या डाळिंब्यांच्या वाट्याला साधा फोटो नाही. आणि तुटीफ्रुटी टोचलेल्या, तिरंगी थराच्या ढोकळ्यासाठी अख्खं घर गोळा होतं. आता तर मला फर्माइश येते, "यावेळी काहीतरी कलरफुल कर ना!" माझं स्वयंपाकघर आहे की रांगोळी प्रदर्शन?

फोटोशी माझं वैर नाही. पुतण्या जर्मनीत आहे, त्याला कळ्या कशा चिमटायच्या ते मीच फोटो काढून पाठवते, त्याचा उपयोग होतो. एक फोटो काढा, पाच सेकंदांत उरका, ताटावर बसा. पण इथे फोटो, मग रील, मग "तूप परत एकदा वरून ओत, हळू ओत, धार बारीक". मी हातात तुपाची वाटी घेऊन पुतळा. फक्त हात दिसतो माझा. तोंड कापलेलं.

आणि संध्याकाळी बघावं तर तेच ताट झळकतंय, खाली लिहिलंय, "आज घरी थोडा घाट घातला." कुणी घातला गं? तुझ्या हाताला पीठ तरी लागलं होतं का? खाली पन्नास जणी रेसिपी मागतायत आणि रात्री साडेदहाला मला मेसेज, "काकू, पाणी पिठाएवढंच घ्यायचं ना? त्या विचारतायत." वर हात जोडलेले.

यंदा मी ठरवलंय. मोदक पात्रातून निघेल तो मी स्वतः बोटाने फोडणार, सारणात चमचाभर तूप ओतणार आणि मगच ताटात वाढणार. बसा मग त्या चिरफळलेल्या मोदकाचा अँगल शोधत.