कार्ड काढा, पण स्क्रीन आपल्या हातात ठेवून

सणाची खरेदी तोंडावर आली की एकच प्रश्न घेऊन लोक माझ्याकडं येतात. दुकानात क्रेडिट कार्ड देतायत, तिथंच काढू की घरी येऊन मोबाइलवर अर्ज भरू? मी बेळगावच्या शहापुरात हिशेबाचं आणि रिटर्न भरायचं काम करते, त्यामुळं कार्डाची स्टेटमेंटं माझ्या टेबलावर येतच असतात. येता-जाता दोन वाक्यांत सांगितलेलं पोचत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

दुकानाच्या काउंटरवर उभं राहून क्रेडिट कार्ड काढू नका. हवंच असेल तर घरी बसून, बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर, वाचून अर्ज करा. ते जमत नसेल तर जिथं आपलं खातं आहे त्या शाखेत जा. पण बिलाच्या रांगेत, हातात पिशव्या आणि मागं दहा माणसं असताना नको.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं. 'ऑनलाइनचं काय खरं? दुकानात निदान समोर माणूस असतो, आपल्या भाषेत बोलतो, उद्या काही झालं तर जाऊन विचारता येतं.' हा विश्वास कुठून आला हे मला कळतं. गणपत गल्लीत, खडेबाजारात, निपाणी-संकेश्वरच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या उधारीची वही चालली. लग्नाचा बस्ता बांधायचा आणि पैसे सुगी झाल्यावर द्यायचे. दुकानदार बापाला ओळखायचा, घर ओळखायचा, आणि अडचण असली तर दोन महिने थांबायचाही. पण कार्डाच्या टेबलामागं बसलेला मुलगा म्हणजे तो दुकानदार नव्हे, आणि कार्ड म्हणजे ती वहीही नव्हे.

आपल्याकडं दुकानाला स्वतःच्या अधिकारात क्रेडिट कार्ड देता येत नाही. ते देते बँक, नाहीतर रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली वित्त कंपनी. ॲमेझॉनच्या नावाचं कार्ड आयसीआयसीआय बँकेचं असतं, फ्लिपकार्टचं ॲक्सिस बँकेचं, रिलायन्सचं एसबीआय कार्डचं. दुकानाचं काम गिऱ्हाईक आणून देण्याचं आणि सवलत देण्याचं. म्हणजे उद्या व्याज लागलं, दंड लागला, तर 'जाऊन विचारता येतं' म्हणता त्या काउंटरवर उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. तो मुलगाही तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

मागच्या दिवाळीत कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत माझ्या पुढं एक आक्का होत्या. टॅब घेतलेला मुलगा अगदी आपुलकीनं बोलत होता. 'आक्का, कार्ड काढलासा तर हजाराचं व्हाउचर मिळतंय बघा. फुकट हाय, काय भरायचं न्हाई.' आक्कांनी विचारलं, 'खात्यातनं पैसे कापून घेत न्हाईत न्हवं?' 'न्हाई ओ.' चष्मा जवळ नव्हता, म्हणून त्यांनी फोनच त्याच्या हातात दिला. एकामागून एक ओटीपी येत गेले, तो बघून टाकत गेला. मेसेज सगळे इंग्रजीत. एक मोबाइल नंबर पडताळायचा, एक आधारचा, आणि एक त्यांची कर्जाची नोंद तपासायला संमती देणारा. वार्षिक उत्पन्नाचा रकाना आला तेव्हा त्यानं विचारलंसुद्धा नाही, त्याच्या अंदाजानं आकडा टाकला. मी मधे बोलले तेव्हा आक्काच म्हणाल्या, 'असू दे ओ, पोरगं चांगलं हाय.'

पोरगं चांगलंच होतं. त्याला टार्गेट दिलेलं असतं, महिन्याला इतके अर्ज, आणि त्याच्या घरीही दिवाळी असते. माझा राग त्याच्यावर नाही. राग आहे तो या पद्धतीवर, जिथं सांगणं मराठीत होतं आणि करार इंग्रजीत. 'काय भरायचं न्हाई' हे मराठीतलं वाक्य कुठंही नोंदलं जात नाही. नोंदला जातो तो ओटीपी, आणि ओटीपी म्हणजे आपली सही. दुसऱ्याच्या अंदाजानं लिहिलेलं उत्पन्नसुद्धा आपल्याच सहीनं जातं. माझ्याकडं असे लोक येतात, ज्यांच्या कार्डाच्या अर्जावरचं उत्पन्न एक आणि रिटर्नमधलं दुसरंच असतं.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली क्रेडिट कार्डांबद्दल जे निर्देश काढले, त्यात अटी सोप्या भाषेत आणि शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत असाव्यात असं म्हटलंय. बेळगावात स्थानिक भाषा म्हणजे कन्नड, हे समजण्यासारखं आहे. पण खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडं मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी बायाबापड्यांना कन्नड बोलता येतं, छापील अटी वाचता येत नाहीत. त्यांनी हिंदी प्रत मागावी. अक्षरं तीच, अर्थ लागतो. आणि काउंटरवर जो गोड मराठीत कार्ड विकतो, त्याच्या बँकेला एक पान मराठीत छापणं काय जड आहे? हे आपण मागायला पाहिजे. विकायला मराठी चालते तर अटी सांगायलाही चालली पाहिजे.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगते. काउंटरवरचा अर्जसुद्धा ऑनलाइनच असतो! तोच फॉर्म, तीच पडताळणी, सिबिलची, म्हणजे आपल्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडची, तीच चौकशी. फरक इतकाच की स्क्रीन दुसऱ्याच्या हातात असते आणि पानं तो सरकवतो. कार्डासोबत विमा घ्यायची टिक कुठं आहे, वार्षिक फी पहिल्या वर्षी माफ आहे की कायमची, हे त्याला दिसतं, आपल्याला नाही. घरी तेच पान तुम्ही दहा मिनिटं उघडं ठेवू शकता, मुलीला दाखवू शकता, भावोजींना फोन लावू शकता, आणि नको वाटलं तर बंद करून जेवायला बसू शकता. काउंटरवर 'नको' म्हणायला आपल्या माणसाला संकोच वाटतो, अर्धा फॉर्म भरून झाल्यावर तर फारच.

आता पैशाचं. बऱ्याच कार्डांना महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून थोडं जास्त व्याज असतं. ऐकायला लहान वाटतं, वर्षाला ते बेचाळीस टक्के होतं. समजा वीस हजार थकले. महिन्याचं व्याज सातशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे सव्वीस, झाले आठशे सव्वीस. बिलावर 'किमान रक्कम' हजार दिसते म्हणून तुम्ही हजार भरले, तर मुद्दलातून सुटले जेमतेम एकशे चौऱ्याहत्तर. शिवाय मागचं थकलेलं असताना नवीन काही घेतलं तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. हजाराचं व्हाउचर दोन महिने पुरत नाही.

नोकरदाराला हे सांभाळता येतं, एक तारखेला पगार, मग बिल. पण चिकोडी, अथणी, रायबागकडच्या ऊसवाल्याचं काय? कारखान्याचं बिल कधी येईल, किती हप्त्यांत येईल, हे त्याच्या हातात नाही. कार्डाची तारीख मात्र दर महिन्याला ठरलेली. जुनी उधारी सुगीच्या चालीनं चालायची, कार्ड तसं चालत नाही. ज्याचं उत्पन्न वर्षातून दोन-तीनदा येतं त्यानं हे कार्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे, ऑनलाइनही नाही आणि दुकानातही नाही.

घरून अर्ज करण्यातही अडचणी आहेत, त्या नाकारत नाही. आपल्याकडची सर्वांत मोठी म्हणजे नावाची. पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, कुठं वडिलांचं नाव पूर्ण, कुठं नुसतं आद्याक्षर. पत्त्यात जुन्या कागदावर बेलगाम आणि २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी. अशानं अर्ज अडकतो, आणि लोक वैतागून परत काउंटरकडं वळतात. आधी आधार आणि पॅन जुळवून घ्या, मग अर्ज करा. दुसरं, व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणं. रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून त्याला परवानगी दिलीय, पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते. शहरात पाहुण्यांकडं याल तेव्हा करा, पॅन कार्ड मूळ जवळ ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीच नको, मग ती कुणीही पाठवलेली असो. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा.

घरात मदतीला कुणी नसेल तर शाखा बरी. तिथं सही करायचा कागद हातात मिळतो, घरी नेऊन वाचता येतो. कमाईचा कागद नसलेल्या गृहिणीला काही बँका ठेवीवरही कार्ड देतात, ते विचारा.

एका सणात तीन दुकानांत तीन अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलसारख्या संस्थेत नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अशा नोंदी साचल्या की उद्या घरकर्जाला अडचण येते. आपला स्वतःचा अहवाल बघितल्यानं काही बिघडत नाही. सिबिलसारख्या चारही संस्थांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं बंधन बँकेवर आहे, ते मागा.

आणि ज्यांच्या घरी गडबडीत काढलेलं कार्ड पाकिटात तसंच पडून आहे, त्यांनी घाबरू नये. तीस दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर बँकेला तुमची ओटीपीनं संमती मागावी लागते. ती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत, एक पैसा न घेता, कार्डाचं खातं बंद करावं लागतं. तेव्हा असा फोन आला तर ओटीपी देऊ नका. चालू केलेलं असेल तर बाकी भरून बंद करायचा अर्ज ईमेलनं किंवा ॲपमधून लेखी द्या, तोंडी नको. त्यालाही सात कामकाजाचे दिवस, आणि उशीर झाला तर दिवसाला पाचशे रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. बँकेकडं तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. चौकशीचा फोन नंबर १४४४८. तक्रार लिहिताना अर्जाची तारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेकडच्या आधीच्या तक्रारीचा नंबर घालायला विसरू नका.