मानशीचं दार आणि गुळवेलीचा काढा

गोव्यातल्या साखळी गावच्या मावशीने परवा घरच्या ग्रुपवर एक संदेश टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तिघांकडून आला. सार असं: प्रतिकारशक्ती कमी पडली की लिंफोमा (प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशींचा कर्करोग) होतो; गुळवेलीचा काढा एकवीस दिवस घेतला की ती वाढते आणि गाठ विरघळते; २०१८ चं नोबेल याच शोधाला मिळालं; केमो प्रतिकारशक्तीच मारते, म्हणून ती टाळा. मावशीच्या वाड्यावरच्या एका मुलाच्या मानेत गाठ आहे. हे वाचून त्याच्या आईने बायोप्सी पुढे ढकलली, म्हणून लिहायला बसले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, गाठींच्या स्लाइड तयार करणं हे माझं रोजचं काम.

पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. एचआयव्ही झालेल्यांना किंवा अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना लिंफोमाचा धोका जास्त असतो. पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत असं काही नसतं. हॉजकिन या प्रकारच्या लिंफोमाची स्लाइड भिंगाखाली धरा. नवख्याला त्यात कर्करोग दिसतच नाही. दिसतात लिंफोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, सगळ्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या. त्या गर्दीत स्लाइड सरकवत राहिलं की एखादी रीड-स्टर्नबर्ग पेशी, म्हणजे खरी कर्करोगाची पेशी, सापडते: भली मोठी, दोन केंद्रकांची, प्रत्येकात लालसर ठिपका, घुबडाने डोळे वटारल्यासारखी. कित्येकदा शंभर पेशींत अशी जेमतेम एखादी असते. प्रतिकारशक्ती कमी पडली असती, तर तिच्याभोवती एवढी दाटी झाली असती का?

दाटी आहे, पण मारत कुणी नाही. असं का होतं, हे कळायला आपली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली भातशेती, आठवा. तिच्या बांधात पाण्यासाठी मानस, म्हणजे झडपेसारखं फाटक, असते. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मानशीचं दार मिटतं आणि ओहोटीला उघडतं. ते मिटलं नाही तर खारं पाणी शेतात घुसून भात जाईल. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी; त्यांच्यावरचं पीडी-१ हे प्रथिन असंच राखणीचं दार आहे. जंतूंशी लढताना टी-पेशींनी आपलेच अवयव पोखरू नयेत म्हणून शरीराने ते बसवलंय. समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ त्याला लागलं की टी-पेशी थंडावते. रीड-स्टर्नबर्ग पेशी नेमकं हेच दार दाबून धरते. पीडी-एल१ आणि तसंच काम करणारं पीडी-एल२ यांची जनुकं नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर शेजारी-शेजारी असतात. हॉजकिनच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात या भागाच्या प्रती वाढलेल्या असतात. जेएके२ हे जनुकही तिथलंच, ते पीडी-एल१ आणखी वाढवतं. काहींत एपस्टाइन-बार विषाणूही त्याला हातभार लावतो. शिवाय, ज्या खुणेवरून मारेकरी टी-पेशी शत्रू ओळखतात ती खूणच यांतल्या बऱ्याच पेशी पुसून टाकतात.

आता काढा. त्याने प्रतिकारशक्ती वाढते असं घटकाभर धरून चालू. चवताळलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा हे निरोप देणारं प्रथिन सोडतात आणि ते लागताच कर्करोगाच्या पेशी आणखी पीडी-एल१ वर आणतात. भरती वाढली की मानस उघडत नाही, जास्तच घट्ट मिटते. आणि गुळवेल निरुपद्रवी आहे हेही गृहीत धरू नका. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

नोबेलचा उल्लेख वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तो शोध संदेशाच्या अगदी उलट सांगतो. तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये पीडी-१ सापडलं, तर जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या दारावर काम केलं. दोघांनाही पारितोषिक मिळालं ते प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढण्यासाठी. निवोलुमॅब हे औषध पीडी-१ वर बसतं, मग पीडी-एल१ ला तिथे जागाच उरत नाही. बाकीचे उपचार थकलेल्या हॉजकिनच्या २३ रुग्णांना ते दिलं, तेव्हा २० जणांच्या गाठी आटल्या. लगाम सुटल्याची किंमतही असते: थायरॉइड, आतडं, फुप्फुस यांवर आपल्याच पेशी उलटू शकतात.

सगळे लिंफोमा सारखे नसतात, हेही संदेशात कुठे नाही. डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारात हे औषध फार थोड्यांना लागू पडतं. एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे होणाऱ्या टी-पेशींच्या लिंफोमात तर तीन रुग्णांचा आजार ते दिल्यावर झपाट्याने वाढला, असं २०१८ मध्ये नोंदलं गेलं. तिथे टी-पेशीच कर्करोगाची असते, दार उघडलं की तीच मोकाट सुटते.

केमोबद्दल थोडक्यात. तिने पांढऱ्या पेशी काही काळ घटतात हे खरं. पण हॉजकिनचे बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि त्याचा पाया केमोच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वाढलेल्या हॉजकिनवर निवोलुमॅब दिलं गेलं ते केमोच्या जोडीनेच. दोन वर्षांनंतर ९२ टक्के रुग्णांत आजार पुढे सरकला नव्हता. तुलनेच्या गटात हे प्रमाण ८३ टक्के होतं.

त्या मुलाची गाठ लिंफोमाच असेल असं नाही. क्षयाच्या गाठीही मानेत येतात, त्यावर औषधं आहेत, आणि दोन्हींतला फरक बोटांनी चाचपून कळत नाही. गाठीचा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीतून माझ्यासारख्या कुणाच्या टेबलावर यावा लागतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ही तपासणी होते. रविवारी मी साखळीला येते आहे. मावशी, त्याच्या आईकडे तूही चल, ती तुझा शब्द मोडत नाही.