दुकानमालकाचं उत्तर: ‘सातशे रुपयांची डिस्क, घरी लागलीच नाही’

नमस्कार सर,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची सिनेमाची डिस्क) घरी लागली नाही, आम्ही ती परत घेतली नाही, आणि ओटीटीच्या जमान्यात सातशे रुपये घेणं ही शुद्ध लूट आहे. बाकीची गिऱ्हाइकंही हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

डिस्क खराब नाही. तुम्ही परत आणलीत तेव्हा दुकानातल्या प्लेअरवर तुमच्यासमोरच लावली होती, व्यवस्थित चालली. अडचण रीजनची आहे. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे भाग पाडलेत, आणि डिस्क व प्लेअर एकाच भागाचे नसतील तर डिस्क सहसा लागत नाही. कव्हर उलटं करून बघा, मागे एका छोट्या षटकोनात इंग्रजी ‘बी’ छापलेला दिसेल. म्हणजे ही प्रत युरोप-ऑस्ट्रेलियाकडची. तुमचा प्लेअर मुलाने अमेरिकेहून आणलेला, तो ‘ए’चा. (आपला भारत ‘सी’त, म्हणजे तिसरंच!) विकताना हे सांगितलं होतं, बिलावरही पेनाने ‘रीजन बी’ लिहिलंय. डीव्हीडी प्लेअर बरेचदा रिमोटवरून कोड मारला की सगळ्या रीजनना खुले होतात, ब्लू-रेचे सहसा होत नाहीत. आणि सील फोडलेली डिस्क आम्ही कोणाचीच परत घेत नाही. घरी कॉपी मारून ‘आवडली नाही’ म्हणत परत आणणारे महाभाग आम्ही पुष्कळ पाहिलेत. तुम्ही तसे नाही, पण नियम एकच ठेवावा लागतो. पेन ड्राइव्हवर सिनेमा भरून द्यायला नकार दिला तोही याचसाठी, तो धंदा आम्ही करत नाही.

आता भाव. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा आम्हीही ढिगाने विकल्या. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. आज इथे नवा माल जवळपास निघतच नाही. परदेशातून एकेक नग मागवायचा, वर कस्टम आणि कुरिअर भरायचं, तर ३४ चा भाव कुठून लावू?

‘सगळं ओटीटीवर आहे’ हे मात्र पटलं नाही. तिथे सिनेमा करारापुरता असतो, मुदत संपली की गेला. जानेवारी २०२४ मध्ये एक तमिळ सिनेमा वाद झाल्यावर नेटफ्लिक्सवरून उतरला, तेव्हा वर्गणी भरणाऱ्याला कोणी विचारलं नाही. चित्राचंही तसंच. ४के, म्हणजे साध्या ब्लू-रेहूनही बारीक चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचं (सेकंदाला येणाऱ्या डेटाचं माप) नेट पुरे म्हणतं, साध्या ब्लू-रेवरून नुसत्या चित्राचाच डेटा ४० एमबीपीएसपर्यंत येऊ शकतो. रात्रीचा प्रसंग लावून बघा, ओटीटीवर काळोखात चौकोन चौकोन दिसतात ते डिस्कवर दिसत नाहीत. तरी खरं सांगतो, एकदा बघून सोडून द्यायचा सिनेमा असेल तर डिस्क घेऊच नका. दुकानात येणाऱ्यांनाही हेच सांगतो. पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तोच विकत घ्यावा, आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून कोरड्या जागी उभा ठेवावा.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत. याच सिनेमाची ४के डिस्क मागवता येईल. तिला रीजनची भानगड नसते, पण प्लेअरही ४के लागतो. नाहीतर ‘बी’ प्लेअर असलेलं आमचं एखादं गिऱ्हाईक ही प्रत घेतंय का विचारतो, आलेली पूर्ण रक्कम तुमची, आम्ही कमिशन घेणार नाही. डिस्क कव्हरसकट आणा. सोमवारी दुकान बंद असतं.