फोटो पुसून रॅम वाढत नाही

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी परवा नातवाच्या बारशाचे सगळे फोटो कॉम्प्युटरवरून पुसले, रिसायकल बिनही रिकामा केला. कारण एक मेसेज: "कॉम्प्युटर स्लो म्हणजे मेमरी फुल. फोटो-व्हिडिओ डिलीट करा, वेग वाढेल. रॅमवर पैसे घालवू नका, १ टीबीची डिस्क घ्या, तीही मेमरीच. आणि १ टीबी सांगून ९३१ जीबीच देतात, ही फसवणूक." फोटो गेले, कॉम्प्युटर तसाच रखडतोय. हा मेसेज मलाही तीन ग्रुपांतून आलाय, म्हणून लिहिते.

"मेमरी फुल". सगळा घोळ या एका शब्दाचा. पेन ड्राइव्ह, कार्ड, रॅम, सगळ्यांनाच आपण मेमरी म्हणतो. पण फोटो राहतात डिस्कवर आणि चालू काम राहतं रॅममध्ये. मे महिन्यात भर दुपारी लाइट जाते तेव्हा सेव्ह न केलेला अर्ज जातो, फोटो मात्र जागेवर असतात. रॅममधला प्रत्येक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा, हा इवल्याशा कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या भागातला) विद्युतभार असतो. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीजच नसेल तर भरणार कसा? डिस्कवरची नोंद विजेविना टिकते. आणि न उघडलेला फोटो रॅममध्ये जागाच घेत नाही, मग तो पुसून रॅम मोकळी कशी होईल?

काकूंकडे जाऊन मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. रॅम ४ जीबी, जवळपास सगळी वापरात. ब्राउझरमध्ये चौदा टॅब. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज काही मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवतं. काकूंची डिस्क जुनी, फिरती. तिला हव्या त्या जागी पोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, रॅमला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास. म्हणजे लाखपट फरक! रखडणं इथून येतं. टॅब बंद केले, तर लगेच हालचाल दिसली.

मेसेजमध्ये खरं एवढंच, की सी ड्राइव्ह काठोकाठ भरला तर अपडेट अडतात, पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही. तेव्हा जागा करावीच, पण फोटो आधी दुसरीकडे कॉपी करून.

रॅमऐवजी मोठी डिस्क? ४ जीबीच्या मशीनला १ टीबी जोडली तरी रॅम ४ जीबीच. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (आत काहीच न फिरणारी, चिपवाली डिस्क) बसवली तर वेग नक्की वाढतो, पण ती चपळ असते म्हणून, मोठी असते म्हणून नाही. रॅम घ्यायला बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाणार असाल तर आधी मशीनला कुठल्या पिढीची रॅम लागते (डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५), आणि रॅम बसवायचा स्लॉट रिकामा आहे का, ते बघून जा. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, ती बदलता येत नाही.

९३१ जीबीत चोरी नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते. विंडोज त्याला तीनदा १०२४ ने भागून पुढे जीबी लिहितं. बाइट तेवढेच.

काकूंना आता कॉम्प्युटर अजिबात चालू करू नका म्हटलंय. फिरत्या डिस्कवर डिलीट केलं की बहुतेक वेळा फक्त नोंद जाते, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतो. शनिवारी ती डिस्क काढून माझ्या मशीनला जोडणार आहे.