दुर्बीण त्याच दिवशी का टाकली नाही

नमस्कार,

आमच्या पोटविकारांच्या दवाखान्याला तुम्ही ऑनलाइन दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. दीड तास ताटकळत बसवलं, मग डॉक्टरांनी नुसते प्रश्न विचारले, दुर्बीण टाकलीच नाही, उलट ॲसिडिटीची गोळी बंद करून दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. शेवटी वाचणाऱ्यांना सल्ला: ‘जिथे लगेच दुर्बीण टाकतात तोच पोटाचा डॉक्टर निवडा.’

दीड तासाबद्दल माफी मागतो. उशीर होणार हे बाहेर येऊन सांगायला कुणाला दोन मिनिटंही लागली नसती. चूक आमचीच.

तुमच्या प्रकृतीबद्दल चारचौघांत काही लिहिणार नाही. पण तुमचा सल्ला इतरही वाचणार, म्हणून त्यावर बोलतो.

पोटातल्या बऱ्याच अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन या दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. हा जंतू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतही सापडतो. अडचण एवढीच, की ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल अशा ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असल्या की तो दबून राहतो आणि रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून त्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात; अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे. दुर्बिणीतून तुकडा काढला तरी गोळीचा हा घोळ चुकत नाही.

गिळताना घास अडकणं, काळी शौच, कारण नसताना घटणारं वजन, रक्त कमी होणं, थांबत नाही अशी उलटी, किंवा साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं अपचन असेल तर आम्हीही दुर्बिणीला उशीर करत नाही. ‘नुसते प्रश्न’ असतात ते यातलं काही आहे का, हे शोधण्यासाठीच. (रक्त पातळ करण्याची किंवा दुखण्यावरची कुठलीतरी गोळी रोज चालू असल्याचं लोक तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, हा नेहमीचा अनुभव.)

डॉक्टर निवडताना दुर्बीण किती लवकर टाकतात यापेक्षा ती कशासाठी टाकतात ते विचारा. मोठ्या आतड्याची तपासणी करायची असेल तर अजून थेट विचारा: दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत नेहमी पोहोचते का, आणि बाहेर काढताना आतडं किती वेळ पाहता? किमान ६ मिनिटं हा जुना निकष. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी तो ८ मिनिटांवर नेला. घाईत लहान पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी) नजरेतून सुटतात. हा प्रश्न आम्हालाही विचारा, राग येणार नाही. आला तर ते डॉक्टर टाळलेलेच बरे.

एका गोष्टीत मात्र तुमचं पूर्ण बरोबर आहे. गोळी का थांबवायची, आणि मधल्या दिवसांत जळजळ वाढली तर काय घ्यायचं, हे कागदावर लिहून द्यायला हवं होतं. गोळी अचानक थांबवली की काही दिवस आम्ल उसळतं. माहीत नसलं तर माणूस घाबरतो. तसा छापील कागद आता तयार केला आहे.

दुसरीकडे झालेल्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन यायचं असेल तर स्वागतकक्षात या उत्तराचा उल्लेख करा. मी स्वतः बसून वाचेन, फी घेणार नाही.