पैसे परत कशाला?

मुख्य कलाकार बदलला तर तिकिटाचे पैसे परत द्या, असं नाटकाच्या तिकिटांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. नृत्यप्रधान म्युझिकलला हे लावून कसं चालेल? २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला 'वेस्ट साइड स्टोरी' हे अमेरिकन म्युझिकल आलं होतं, तसल्या खेळांत 'स्विंग' म्हणजे ऐनवेळी जागा भरून काढणारे राखीव कलाकार असतात. अंडरस्टडी, म्हणजे एखाद्या भूमिकेचा बदली नट, ठरलेली भूमिका बसवून ठेवतो, स्विंगला मात्र समूहातल्या कित्येकांच्या जागा पाठ लागतात. कोण कुठल्या विंगेतून येतो, कोणाला उचलायचं, कुठल्या मात्रेवर वळायचं! कधी मध्यंतरानंतर थेट उतरायचं, तेही तालीम न करता. आपल्याकडे बहुतेकदा एक जण आजारी पडला की प्रयोगच रद्द (निर्मात्याला दुसरा संच परवडत नाही, हेही खरंच). बदली कलाकाराचं नाव तिकीटखिडकीपाशी ठळक लावा. लपवाछपवी केली तर मात्र मीही भांडेन.