एका ओळीचं काम

एका फोल्डरभर फोटोंची रुंदी निम्मी करायची होती. हाताने केलं असतं तरी तासाभरात उरकलं असतं. पण आपल्याला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीशी येते ही जाणीव माणसाला स्वस्थ बसू देत नाही. फोटोंच्या कामासाठी पिलो नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे आणि ती बसवणं हे, कोणत्याही जाणकाराला विचारा, एका ओळीचं काम आहे. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं, 'पिप इन्स्टॉल पिलो' लिहायचं (पिप म्हणजे पायथॉनच्या लायब्रऱ्या बसवणारं अवजार), एंटर मारायचा. जाणकार हे सांगताना तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

एंटर मारला. उत्तर आलं : 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट.' संगणक माझा, वीजबिल माझं, आणि कारभार म्हणे बाहेरच्याकडे! कारण मात्र शहाणपणाचं आहे, हे कबूल करायला हवं. माझा संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीची स्वतःची बरीच अवजारं पायथॉनवर चालतात. पिपने त्यांच्या पायाखालची एखादी लायब्ररी बदलली, तर ती अवजारंच बंद पडतात. म्हणून पायथॉनवाल्यांनी पेप 668 हा नियम केला आणि डेबियन या लिनक्सच्या अवताराने 2023 साली, 12व्या आवृत्तीपासून, तो लागू केला. इथवर सगळं पटलं. पण हाच संदेश खाली जाता जाता सुचवतो की, अगदीच राहवत नसेल तर 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' हा पर्याय जोडा. होणारा परिणाम नावातच सांगून टाकणारी इतकी प्रामाणिक वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. हात शिवशिवले, पण आवरले.

त्याच संदेशात एक सभ्य सल्लाही होता : 'ॲप्ट इन्स्टॉल पायथॉन3-एक्सवायझेड' करून बघा, एक्सवायझेडच्या जागी तुम्हाला हवं ते नाव घाला. ॲप्टला, म्हणजे डेबियनच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या अवजाराला, लागतं सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, सुडोला लागतो पासवर्ड, आणि पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. कीबोर्ड मेला की काय, असं वाटावं. वर पहिल्यांदाच सुडो वापरणाऱ्याला छोटं प्रवचन मिळतं : दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्यापूर्वी विचार करा, मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते. मी फोटो लहान करायला आलो होतो. जबाबदारी स्वीकारून 'पायथॉन3-पिलो' मागितलं. या नावाचं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं, सापडत नाही, असं ॲप्ट म्हणालं.

उरला तिसरा मार्ग, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटचा. मूळ पायथॉनला धक्का न लावता त्याच्याच अंगणात आपली वेगळी चूल मांडायची. तशी आज्ञा दिली, तर कळलं की वेगळी चूल मांडण्याची सोयही वेगळी बसवावी लागते. 'पायथॉन3-व्हेन्व' नावाचं पॅकेज आधी आणा. पुन्हा ॲप्टकडे. मघाशी मोकळं बसलेलं ॲप्ट आता कुलूप लावून बसलं होतं, आणि किल्ली 'अनअटेंडेड-अपग्र' नावाच्या कोणाकडे तरी होती. नाव तुटकं, कारण लिनक्स प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, नावाची पंधराच अक्षरं ध्यानात ठेवतं. म्हणजे कोणाचंही लक्ष नसताना संगणक स्वतःला सुधारत होता, आणि लक्ष असलेला एकमेव माणूस दाराबाहेर.

अशा वेळी काय करावं? 'ॲप्ट मू' असं टाइप करावं. खरंच. टिंबा-रेघांची एक गाय पडद्यावर येते आणि आज तुम्ही हंबरलात का, असं विचारते. तिला कुलूपबिलूप आड येत नाही. एवढ्या वेळात विचारला गेलेला हा पहिलाच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर मला येत होतं.

कुलूप निघालं. मागितलं एक, पण यादीत न मागितलेले सोबतीही होते. आणू का, हो की नाही? यातला 'हो'चा वाय मोठ्या लिपीत असतो, म्हणजे नुसता एंटर मारला तरी होकार समजतात. आपण कशाला हो म्हणतोय हे वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि वाचून तरी काय कळणार? 2016च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रागावून काढून घेतलं, तेव्हा जगभरच्या असंख्य सॉफ्टवेअर प्रकल्पांची बांधणी ठप्प झाली. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. ते आपल्या घरात राहतंय हे बहुतेकांना ते गेल्यावर समजलं.

पिलो मात्र नंतर डोळ्याचं पातं लवेपर्यंत बसलं. पिपने लगोलग स्वतःच्याच नव्या आवृत्तीची जाहिरात केली, तिच्याकडे काणाडोळा केला. प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिली : 'इम्पोर्ट पिलो'. या नावाचं मॉड्यूल नाही! आता मात्र मी खरोखर हंबरलो असतो. शोधल्यावर उलगडा झाला. पिलो ही पिल नावाच्या जुन्या, बंद पडलेल्या लायब्ररीची 2010 साली फुटलेली शाखा. जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून तिने आतलं नाव पिलच ठेवलं. बसवताना पिलो, वापरताना पिल. तसं लिहिलं आणि सगळे फोटो सेकंदाभरात निम्मे झाले.

मग एक किडा डोक्यात वळवळला. डेबियननेही जुनंच नाव धरलं असेल, तर त्या एक्सवायझेडच्या जागी पिल हवं होतं. ॲप्टकडे गेलो आणि 'पायथॉन3-पिल' मागितलं. या खेपेला कुलूप नाही, यादी नाही, हो-नाही नाही. सरळ उत्तर आलं की हे पॅकेज या संगणकावर आहेच आणि आवृत्तीही ताजी आहे. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने येताना सोबत आणलं होतं म्हणे. तेव्हाही मी एंटरच मारला असणार.